सड्याचं पाणी, घरचा हंडा

पाणी आलं की व्हॉल्वमन कुणाला आठवत नाही. नाही आलं की अख्ख्या गावाला त्याच्या बापाचं नाव आठवतं. माझे वडील शाळामास्तर होते, अगदी सरळ माणूस. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण दर मे महिन्यात पाखाडीच्या पायऱ्यांवर त्यांचा उद्धार ऐकतच मी नोकरी केली.

मी शमुवेल. गाव मला सामूभाऊ म्हणतं. हातखंब्याहून रत्नागिरीकडे येताना एका ठिकाणी आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या नळयोजनेवर पंचवीसेक वर्षं मी पाणी सोडलं. दर रविवारी उपासनेला शहरात जातो, तिथे आमच्या पाळकसाहेबांनी मला धरलं. नाताळ अंकासाठी लिहा म्हणाले आणि विषयही देऊन टाकला, ख्रिस्ती शील कसं घडतं. मी म्हटलं, साहेब, शीलातलं मला काय कळतंय, मला व्हॉल्वमधलं कळतं. "मग तेच लिहा," म्हणाले. आता अंकाची चार पानं फुकट गेली तर माझा दोष नाही.

ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी असतं त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. नदीकाठच्या विहिरीतून पंपाने पाणी टेकडीवरच्या टाकीत चढतं. टाकीतून ते गावात उतरतं, पण सगळीकडे एकदम सोडता येत नाही, कारण तेवढं ते नसतंच. म्हणून प्रत्येक वाडीच्या तोंडाशी एक चिऱ्याचं चेंबर, चेंबरमध्ये व्हॉल्व, आणि तो फिरवायला कमरेएवढी लांब लोखंडी चावी. डावीकडे फिरवलं की उघडतो, उजवीकडे की बंद. एवढंच काम असं लोकांना वाटतं. पण व्हॉल्व एकदम उघडला तर पाणी लाइनीत धडक मारतं आणि कुठलातरी सांधा उडतो. म्हणून हळूहळू सोडायचं. आधी हवा निघते, सूं सूं करत, मग खाकरल्यासारखा आवाज होतो आणि मग पाणी चालू लागतं. ते चावीच्या दांड्यातून हाताला कळतं. मला अजूनही हाताला कळतं, चावी हातात नसताना.

आमच्या गावात तीन लाइनी. खालची वाडी, मधली वाडी आणि सडा. सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार, तिथे थोडी घरं आहेत. टाकी आणि सडा जवळजवळ एकाच उंचीवर, त्यामुळे सड्यावर पाणी चढतं ते नाइलाज झाल्यासारखं. खालचे दोन्ही व्हॉल्व घट्ट बंद असतील तरच चढतं. पाण्याला उताराची खोड असते, माणसासारखीच.

मी नोकरीला लागलो तेव्हा उन्हाळ्यात सड्यावर पाणी चढतच नसे. तिथली माणसं पाखाडी उतरून खाली विहिरीवर यायची. माझ्या पहिल्याच मे महिन्यात तानीकाकू डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन चेंबरपाशी थांबली. सड्यावर एकटी राहायची, मुलगा मुंबईला आणि दारात एक म्हैस. मला म्हणाली, "तू मास्तरांचा झील ना? मग तुझ्या राज्यात तरी माझ्या म्हशीला वर पानी मिळंल काय?" मी तरुण होतो, नोकरी नवी होती आणि वडिलांचं नाव निघालं होतं. मी म्हटलं, "काकू, मी आहे तोवर सड्याला पाणी मिळेल." दिला शब्द. तो पाळण्यातच पुढची सगळी नोकरी गेली असं म्हणायला हरकत नाही.

शब्द पाळायचा म्हणजे काय करायचं? तर खालचे व्हॉल्व पूर्ण बंद करायचे. पूर्ण म्हणजे पूर्ण. या कामातला सगळा मोह पाव फेऱ्याचा असतो. अख्खी वाडी उपाशी ठेवायला धाडस लागतं आणि ते उघडकीलाही येतं. पण खालचा व्हॉल्व बंद करताना शेवटचा पाव फेरा राहू दिला तर वरून काही दिसत नाही. खालच्या वाडीत सकाळभर बारीक धार चालू राहते आणि सडा कोरडा पडतो. विचारलं तर म्हणायचं, आज टाकीच भरली नाही. कुणी खोटं पाडू शकत नाही.

खालच्या वाडीतल्या मनूवहिनीने एकदा मला पडवीत बसवून फणसाचे गरे खायला घातले. कापा फणस, मध होता नुसता. मी चवथा गरा तोंडात टाकल्यावर म्हणाली, "भावजी, तो पाव फेरा जरा ढिला ऱ्हायला तर कोन बगतंय?" मी म्हटलं, "वहिनी, मी बघतो ना." आणि पाचवा गरा घेतला. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व घट्टच होता. सामूभाऊ खाल्ल्या गऱ्याला जागला नाही, असं तिने गावभर सांगितलं. पुढच्या वर्षीही गरे दिलेच तिने, बाई मनाची मोठी.

गावात दुसरं ख्रिस्ती घर माझा चुलतभाऊ येशुदास याचं, मधल्या वाडीत. एका उन्हाळ्यात मधल्या वाडीची पुढची घरं ओरडायला लागली की पाणीच येत नाही. मी लाइनीला हात लावत लावत गेलो. एका जागी पाइप गुरगुरत होता. येशुदासाने नळाला मोटर लावून पाणी ओढायला सुरुवात केली होती. मला बघून म्हणाला, "दादा, आपली दोनच घरं. आपण आपल्यांचं बघायचं नाही तर कुणी बघायचं?" मी मोटर सोडवून पंचायतीत जमा केली. दोन नाताळ तो माझ्याशी बोलला नाही. उपासनेत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला न बघता मोठ्याने गायचा. तिसऱ्या नाताळला करंज्यांचं ताट घेऊन स्वतः आला आणि दारातच म्हणाला, "सलाम. मोटर गंजली असेल ना आता?" मी म्हटलं, "गंजली." दोघांनी करंज्या खाल्ल्या.

हे मोठे प्रसंग म्हणून लक्षात राहिले. खरं काम रोज सकाळचं होतं. पहाटे चावी खांद्यावर घेऊन निघायचं, तेव्हा कालचा प्रामाणिकपणा उपयोगाचा नसतो. तो काल संपला. आज पुन्हा त्याच चेंबरात वाकायचं, पुन्हा तो शेवटचा पाव फेरा आणि मनात कुणाचातरी राग असतोच. आदल्या दिवशी ज्याने बाप काढला असेल त्याची वाडी समोर असते. मी तापट माणूस. कितीदा वाटलं की दोन फेरे कमीच सोडावेत. म्हणून मी सवय लावून घेतली होती. पहिल्या चेंबरपाशी टोपी काढायची आणि म्हणायचं, "प्रभू, आजचं पाणी तुझं, चावी तुझी, हात तेवढा माझा." एवढी प्रार्थना. पाळकसाहेबांच्या मानाने फारच आखूड, पण तेवढी म्हटल्यावर चावी बरोबर फिरायची. राग जायचा असं नाही. राग तसाच राहायचा आणि पाणी मात्र पूर्ण सुटायचं. प्रेम वगैरे फार नंतर आलं, काहींच्या बाबतीत अजून यायचं आहे.

आणखी एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता, त्याचा मला भारी अभिमान. आमचं घर पाखाडीच्या पायथ्याशी. सड्याची लाइन आमच्या मागच्या दारावरून वर जाते आणि आमच्या नळाची जोडणी त्याच लाइनीवर आहे. म्हणजे सड्याचं पाणी आधी आमच्या दारातून जातं. आमचा नळ चालू असेल तर वरचा जोर कमी होतो. म्हणून आमच्या जोडणीचा कॉक मी बंद ठेवायचा आणि सडा भरल्यावरच उघडायचा. लाइनीत जे उरेल ते आमचं. उन्हाळ्यात बहुतेक दिवशी काही उरत नसे. गावात लोक सांगायचे, सामूभाऊच्या घरी शेवटी पाणी येतं. ते ऐकताना मी तोंड साधं ठेवायचो, पण आतून बरं वाटायचं.

माझी बायको मंदा सुरुवातीला या नियमावरून बोलली, नंतर बोलायची थांबली. मी ते तिला पटलं असं धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात, सड्याच्या चेंबरवर मी पाय ठेवला आणि काठाचा चिरा निसटला. खुबा मोडला. मला उचलून रत्नागिरीला नेलं, डॉक्टरांनी पायात सळी घातली. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल? चावी कुठे आहे. मंदाने ती चेंबरपाशी पडलेली उचलून घरी आणून ठेवली होती. मी तिला बजावलं, "मी येईपर्यंत कुणाला देऊ नको. आता दिवस टंचाईचे आहेत, चावी भलत्याच्या हातात पडली तर सडा मेलाच."

झालं काय, की पंचायतीच्या शिपायाला चावी मिळेना. त्याने दोन लोखंडी पाने लावून कसेबसे खालचे व्हॉल्व उघडले आणि तसेच सोडून दिले. मी इस्पितळात होतो तेवढे दिवस खालच्या वाडीच्या गटारांतून पाणी वाहिलं आणि सड्यावर एक थेंब चढला नाही. सड्याच्या काळजीने मी सडाच कोरडा ठेवला होता. हे मला घरी आल्यावर कळलं. तानीकाकू आता ऐंशीच्या पुढची, ती पुन्हा हंडा घेऊन पाखाडी उतरायला लागली होती.

पडवीत माझी खाट टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटेच पंचायतीने नेमलेला माणूस चावी मागायला आला, आणि तो कोण तर वसंता. खालच्या वाडीचा वसंता. तोंडात तंबाखू, बोलणं गोड, चाळिशीचा गडी. मुलीच्या लग्नाला मी चार दिवस पुण्याला गेलो होतो तेव्हा त्यालाच लावलं होतं, आणि त्या चार दिवसांत त्याच्या वाडीतल्या माडांनीसुद्धा अंघोळी केल्या होत्या. मला वाटलं, देवाने माझी थट्टा चालवली आहे.

चावी माझ्या खाटेखाली होती. मी त्याला शिकवायला सुरुवात केली. कुठला व्हॉल्व जड जातो, कुठे हवा अडते, सड्याला सोडण्याआधी खालचे दोन्ही कसे आवळायचे, शेवटचा पाव फेरा कसा सोडायचा नाही. एकदा सांगून झालं, दुसऱ्यांदा सांगितलं. वसंता माना डोलावत होता. बाहेर उजाडलं. मी तिसऱ्यांदा सुरू केलं.

तेव्हा वसंता म्हणाला, "सामूभाऊ, ता सगला समाजला. पन तुमी पयल्या चेंबरपाशी टोपी काडून तोंडातल्या तोंडात काय म्हंता, ता पन सांगा. त्याबिगर पानी चडलंच नाय तर?"

त्याला तो मंत्र वाटत होता. मला हसूही आलं आणि लाजही वाटली, कारण ती प्रार्थना मी कधी कुणाला सांगितली नव्हती. मी सांगितली. पाणी तुझं, चावी तुझी, हात तेवढा माझा. त्याने ती दोनदा पुटपुटून पाहिली.

मंदा चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "पाणी तुझं, चावी तुझी, रोज म्हणता. देवाला इतकी वर्षं रोज दिलीत की चावी. मग आज वसंताला देताना खाटेखालून निघत का नाही?"

उत्तर होतं माझ्याकडे, वसंता म्हणजे देव नव्हे असं. पण वरती सडा कोरडा होता आणि सकाळ निघून चालली होती. मी वाकू शकत नव्हतो, म्हणून मंदाने चावी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. ती वसंताच्या हातात मी दिली. पाय मोडला तेव्हा रडलो नव्हतो, चावी देताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली ती सगळी तक्रारच होती. "प्रभू, सड्याचं तू बघ, माझ्याच्याने आता होत नाही," एवढंच शेवटी म्हटलं. हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं. गरजच पडली नव्हती, माझ्याच्याने होत होतं ना.

मग माझी नवी नोकरी सुरू झाली, पडल्या पडल्या ऐकायची. मागच्या दाराशी सड्याची लाइन. तिच्यात हवा कधी सुटली, पाणी कधी चाललं, जोर किती, सगळं खाटेवरून ऐकू यायचं. पहिल्या दिवशी उशीर झाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग सूं सूं झालं, खाकरलं, आणि चाललं. दुसऱ्या दिवशी जोर कमी वाटला. मी मंदाला म्हटलं, याने पाव फेरा ठेवला बघ. तिसऱ्या दिवशी फारच वेळ चाललं, तर म्हटलं मधल्या वाडीचं मारतोय हा. मंदा म्हणाली, "कमी आलं तरी चोर, जास्त आलं तरी चोर. त्या बिचाऱ्याने करावं तरी काय?"

आणि एका सकाळी आमच्याच न्हाणीत नळ फुरफुरला. वर सड्याकडे अजून हवासुद्धा सुटली नव्हती आणि आमच्या नळाला धो धो पाणी. म्हणजे वसंताने आमचा कॉक आधी उघडला होता. सगळ्या गावाच्या आधी सामूभाऊच्या घरी पाणी! मी खाटेवरून ओरडलो, "मंदा, बंद कर. आधी बंद कर तो नळ."

मंदाने बंद केला नाही. हंडा लावला, तो भरल्याचा आवाज आला. मग कळशी, मग पिंप. मी ओरडत राहिलो. सगळं भरून झाल्यावर तिने नळ बंद केला आणि पदराला हात पुसत पडवीत आली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही सकाळी पाणी सोडून यायचात," ती म्हणाली, "आणि इथे बसून चहा प्यायचात. त्या चहाचं पाणी कुठून यायचं, कधी विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. ते खालच्या बागेतल्या विहिरीवरून यायचं. सड्यावरच्या बाया हंडा घेऊन पाखाडी उतरायच्या त्या मी थांबवल्या, आणि त्याच विहिरीवरून माझी बायको इतके उन्हाळे हंडा आणत होती. मी ते बघत नव्हतो असं नाही, दिसत होतं. पण तो माझ्या प्रामाणिकपणाचा भाग आहे असं मी समजत होतो. हंडा तिच्या डोक्यावर होता आणि कौतुक माझं चाललं होतं. मंदा पुढे एवढंच म्हणाली, "तुमच्या न्यायात माझा हंडा कधी आलाच नाही." रागाने नाही म्हणाली. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं, आणि ते इथे लिहून हलकं होईल अशी माझी अपेक्षा नाही.

संध्याकाळी वसंताला बोलावून घेतलं. तरी मी खडसावलंच, सवयीने. तो तंबाखू चोळत म्हणाला, "घरात आजारी मानूस. पयला पानी आजाऱ्याला, ता आमच्यात तसाच आसता. वयनीची भांडी भरली की कॉक बंद करून मंग सडा सोडतंय. सड्याला कमी पडलं काय, इचारा."

कुणाला विचारणार? दोन दिवसांनी तानीकाकूच आली. काठी टेकत टेकत पाखाडी उतरून, मला भेटायला. मी तिच्या डोक्याकडे पाहिलं, हंडा नव्हता. खाटेशी बसली आणि माझ्या पायावरून हात फिरवला.

"काकू, पाणी येतं का वर?"

"येतं तर. तू व्हतास तवा पन येत व्हतं, आता पन येतं." मग थोडा वेळ दम घेऊन म्हणाली, "ह्यो वसंता वर येतो हां. पाखाडी चडून येतो आनि इचारतो, काकू, म्हशीच्या पान्याचा डोन भरला काय? भरला म्हटलं की खाली जाऊन बंद करतो. तू कवा वर आला नायस."

खरं होतं. मी फेरे मोजून सोडायचो आणि घड्याळ बघून बंद करायचो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. कुणाचं काय भरलं हे बघायला वर जायची मला गरज वाटली नव्हती. वसंताचं पाणी रोज वेगवेगळा वेळ का चालायचं हे मला त्या दिवशी कळलं. मी खाटेवर पडून ज्याला चोरी म्हणत होतो ती विचारपूस होती.

वसंताला मी संत करून ठेवणार नाही, त्यालाच ते झेपायचं नाही. मे महिना संपता संपता त्याच्या चुलतभावाच्या घरी हळद होती. त्या सकाळी सड्याची लाइन खाकरली आणि लगेच मंदावली. मी मंदाकडे पाहिलं, पण या वेळी काही बोललो नाही. दुपारी वसंता आपणहून आला. खाटेशी उभा राहिला, खाली बसला नाही.

"आज पाव फेरा ऱ्हायला," तो म्हणाला.

"राहिला की ठेवलास?"

"ठेवला." मग म्हणाला, "आता जाऊन आवळून आलंय. सड्याला परत सोडलंय. चुलता शिव्या घालतोय, पावने हात धुवायचे ऱ्हायलेत." तो पुढे म्हणाला, "सामूभाऊ, तुमचं ता म्हननं मी जरा बदाललंय. मी आपल्या ग्रामदेवीला म्हंतंय, पन शेवट बदाललाय. पानी तुजा, चावी तुजी, आनि हात पन तुजाच. तुमचा हात चांगला, तुमाला चालतं. माजा हात मला म्हायीत हाय. त्याच्यावर सोडला तर तो खालच्या वाडीलाच वलतो."

मी त्याला बसायला सांगितलं. मंदाने चहा आणला. तो विहिरीच्या पाण्याचा नव्हता. आम्ही दोघे पावसाबद्दल बोललो, म्हणजे त्याच्या उशिराबद्दल. तो गेल्यावर मी बराच वेळ माझ्या हाताकडे बघत पडलो होतो. एवढी वर्षं मी पाणी दिलं, चावी दिली, आणि हात तेवढा माझ्याकडे ठेवून घेतला होता. तोच शेवटचा पाव फेरा. आणि तो मला दाखवला कुणी, तर वसंताने.

पाळकसाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर आहे ते एवढंच. रोजच्या रोज चावी बरोबर फिरवत राहावं, त्याशिवाय काही घडत नाही. त्यात मी काही गमावलं असं मला वाटत नाही, उलट त्या पहाटे मला परत मिळाल्या तर मी पुन्हा घेईन. पण फिरवता फिरवता माणूस आपल्याच हातावर खूश होतो, आणि मग देवाला तो हात कधीतरी मोकळा करून घ्यावा लागतो. माझा त्याने खुबा मोडून घेतला. माझ्यासारख्याला त्याहून कमी खर्चात कळलं नसतं, असं मंदाचं मत आहे.

पुढे काठीवर चालायला लागलो. पहिल्याच दिवशी वसंताने पहिल्या चेंबरपाशी चावी माझ्या हातात दिली. मी दोन फेरे दिले, दांड्यातून पाणी हाताला लागलं, बरं वाटलं. पण वाकून राहता येईना. चावी त्याला परत केली. या वेळी मंदाला सांगावं लागलं नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, ते पंचायतीत बसून काढले. चावी वसंताकडेच राहिली. लोक आता त्याच्या बापाचं नाव काढतात. कधी कधी माझ्याकडे येऊन म्हणतात, सामूभाऊ, तुमच्या वेळी असं नव्हतं. तेच लोक माझ्या वेळी काय म्हणायचे ते मला पाठ आहे.

आमचा कॉक त्याने पुन्हा शेवटाला नेला नाही. मी बरा झाल्यावर त्याला म्हटलं होतं, आता आजारी माणूस उरला नाही. तो म्हणाला, "पानी जाताना तुमच्या दारासून जाता ना? मंग दोन भांडी घेवन जाऊ द्या की." त्यामुळे सडा काही कोरडा पडलेला नाही. तानीकाकू गेल्या पावसात गेली, आपल्या घरात, अंगणातला डोण भरलेला असताना. म्हैस आता वसंताकडे आहे.

सकाळी नळ फुरफुरला की आता मी उठतो. मंदाला म्हटलंय, हंडा मी भरणार. हसू नका, पण मला ते येत नव्हतं. गावभर पाणी सोडलं, पण नळाखाली हंडा कसा तिरका धरायचा, कळशी कधी लावायची, हे या वयात बायकोकडून शिकलो. पहिल्या आठवड्यात निम्मं पाणी न्हाणीत सांडलं. सड्याच्या माणसांनी बघितलं असतं तर सांडलेल्या पाण्याचा हिशेब मागितला असता.

परवाचीच गोष्ट. हंडा लावला, घरातच असल्यामुळे डोक्यावर टोपी नव्हतीच, डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, आजचं पाणी तुझं, चावी तुझी, हातही तुझाच." म्हटलं आणि तसाच उभा राहिलो. मागच्या लाइनीतून पाणी वर सड्याकडे चाललेलं ऐकू येत होतं. ते सोडणारा मी नव्हतो आणि तरी ते चाललं होतं. मला फार बरं वाटत होतं, आणखीही काहीतरी म्हणावंसं वाटत होतं.

मागून मंदाचा आवाज आला. "अहो, आमेन नंतर म्हणा. हंडा ओसंडतोय."

मी नळ बंद केला आणि कळशी लावली.